घरत मामांचा उंबरा

आमच्या आयसीयूच्या दारात जमिनीवर एक लाल पट्टी मारलेली आहे. पेशंटला स्कॅनसाठी खाली न्यायचं असो नाहीतर दुसऱ्या हॉस्पिटलात, ट्रॉली त्या पट्टीवर दहा मिनिटं उभी राहते. सगळं जोडलेलं असतं, सगळं चालू असतं, पण ट्रॉली हलत नाही. गेल्या आठवड्यात नव्याने लागलेले एक डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, ही तुमची आयडिया ना? छान आहे हं."

"माझी नाही. घरत मामांची," मी म्हटलं.

"कोण घरत मामा?"

तेवढ्यात सात नंबरचा अलार्म वाजला आणि उत्तर द्यायचं राहिलं.

मामांच्या बाबतीत माझ्याकडून बोलायचं राहण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. एक वाक्य तर मी सहा वर्षं तोंडात धरून बसले होते. मामांना द्यायचं असलेलं वाक्य. ते मी शेवटी कुठे बोलले हे सांगायचंच आहे, पण आधी मामा कोण ते सांगायला हवं. आजकाल कंबर इतकी दुखते की बसून चार पानं लिहायची म्हणजेही ड्यूटीच वाटते, तरी लिहिते. कारण त्यांना ओळखणारे आता आमच्याकडे दोघंच उरलोय, मी आणि ड्रायव्हर इस्माईलभाई.

हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. पगार बेताचा देतात, नातं मात्र सढळ हाताने देतात. हरिश्चंद्र घरत हे असेच मामा. उरणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. बेताची उंची, आखूड मान, पोटऱ्या मात्र दगडी. लहानपणी मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्याचा तो पुरावा होता. पुढे तिकडच्या जमिनी गेल्या, भावांनी मोबदल्यात बंगले बांधले, दारात मोठ्या गाड्या उभ्या केल्या. मामांनी विचुंब्याला दोन खोल्या घेतल्या आणि नोकरी काही सोडली नाही. "घरात गाड्या चालवणारे पुष्कल झाले. ढकलणारा मी एकलाच हाय," असं म्हणायचे.

ते ढकलायचे ती ट्रॉली. आयसीयूतला पेशंट इकडून तिकडे हलवायचा असला की मामांना हाक. ह्या कामाला आमच्यात शिफ्टिंग म्हणतात आणि बाहेरच्यांना ते सामान हलवण्यासारखं वाटतं. तसं ते नाही. अत्यवस्थ माणूस बेडवर असतो तेव्हा त्याचा जीव भिंतीत असतो. ऑक्सिजन भिंतीतून येतो, वीज भिंतीतून येते, वर चोवीस तास नजर. बेडवरून उचलला की भिंत सुटते. मग उरतो एक सिलेंडर, एक बॅटरी आणि सोबत चालणारी दोन-तीन माणसं. मामा म्हणायचे, "भिंतीला हाय तवर पेशंट डॉक्टरांचा. भिंत सोडली का आपला."

आणि त्यांनी स्वतःशी एक गाठ मारून ठेवली होती. आपल्या हातात, वाटेत, कुणी जायचा नाही. बेडवर जाईल, आजार मोठा असतो, त्याला इलाज नाही. पण वाटेत नाही. हे ते मोठ्या आवाजात कधी बोलले नाहीत. मला इस्माईलभाईंनी सांगितलं, आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की हा माणूस पेशंटबद्दल 'गेला', 'चालला', 'नेला' असले शब्दच वापरत नाही. "सिस्टर, पाच नंबरला फिरवून आणतो," म्हणायचे. बेशुद्ध माणूस, तोंडात नळी, आणि हे त्याला फिरवून आणणार, जणू संध्याकाळी पनवेलच्या वडाळे तळ्यावर.

उंबरा ही त्यांचीच पद्धत. पेशंट ट्रॉलीवर घेतला, सिलेंडर जोडला, श्वास देणारं प्रवासाचं छोटं मशीन लावलं, की दारात ट्रॉली उभी करायची आणि घड्याळ बघायचं. दहा मिनिटं. मी नवी होते, साताऱ्याकडून आलेली, अंगात घाई. मी विचारलं, "मामा, इथे का थांबलोय?"

"घाटावर मीठ पिकत नाय, तुमाला कसं कलनार?" ते म्हणाले. मला ते कायम घाटावरची सिस्टर म्हणत. "मिठाची टोपली डोक्यावर घेतली का लगेच चालायचं नाय. उभं ऱ्हायचं. पानी निथलतं, टोपली बसते, मान ठरते. मग पाय उचलायचा. घाई केली का बांधावरून टोपलीसकट चिखलात."

"पण दहा मिनिटं?"

"जे बिघडायचं ते हितं बिघडू दे. हितं भिंत हाताला हाय."

ह्या दहा मिनिटांत ते बोट फिरवायचे. मामा चौथी शिकलेले, यंत्रावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. पण पेशंटच्या तोंडापासून सुरुवात करून नळीवर बोट ठेवत ठेवत मशीनपर्यंत, मशीनपासून सिलेंडरपर्यंत, मग सलाईनच्या सुईपासून बाटलीपर्यंत. प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे पोचते हे बोटाला कळलं पाहिजे, असा नियम. सिलेंडरची चावी त्यांच्या करदोट्याला बांधलेली असे. हॉस्पिटलात पेन आणि सिलेंडरची चावी ह्या दोन वस्तू जागेवर कधीच सापडत नाहीत, म्हणून मामांनी ती थेट कमरेलाच बांधून टाकली होती. शर्ट वर करून चावी काढताना नव्या मुली तोंड फिरवून हसायच्या. मामांना त्याचं काही नव्हतं.

उंबऱ्यावर आपसात बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त पेशंटशी. आणि ते मामा स्वतः बोलायचे, माणूस शुद्धीत असो नसो. "यशवंतराव, आपन खाली फोटो काढायला चाललोय. लिफ्टमंदी गचका बसंल, घाबरू नका. मी हाय, सिस्टर हायेत." स्कॅन म्हणजे फोटो. आणि उंबरे दोन असायचे, एक निघताना आणि एक पोचल्यावर. तिकडच्या दारातही पुन्हा बोट फिरवायचं, पुन्हा पेशंटला सांगायचं, मगच पेशंट दुसऱ्याच्या हातात.

लिफ्टचा किस्सा आमच्याकडे बरीच वर्षं गाजत होता. आमची लिफ्ट एकदा हातची गेली की सगळे मजले हिंडून दहा मिनिटांनी परत यायची. मामांनी त्यावर तोड काढली. निघायच्या आधी जायचे, लिफ्ट बोलवायचे, आणि दार मिटू नये म्हणून पायातली एक चप्पल दारात अडकवून परत यायचे. एका दुपारी व्यवस्थापक साहेब पाहुण्यांना हॉस्पिटल दाखवत होते. लिफ्टच्या दारात चिखलाने भरलेली एक स्लीपर, लिफ्ट उघडी आणि आत कुणी नाही. साहेबांनी पायाने चप्पल बाजूला सारली आणि पाहुण्यांसकट वर गेले. पाच मिनिटांनी मामा एका पायात चप्पल घालून, ट्रॉली धरून, साहेब खाली येईपर्यंत दारात उभे. साहेब बाहेर आले तसे मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, माजा मानूस हितं उभा केलेला. तुमी त्याला लाथ मारली." साहेबांना हा माणूस म्हणजे चप्पल हे कळायला वेळ लागला. त्यानंतर लिफ्टची एक वेगळी किल्ली आम्हाला मिळाली, पण मामा चप्पलच अडकवायचे. किल्लीवर त्यांचा विश्वास नव्हता.

इस्माईलभाई पनवेलचेच. दहा-बारा वर्षं आखातात गाडी चालवून परत आलेले, गुळगुळीत रस्त्यांची सवय झालेली. त्यांना गाडी पळवायची हौस आणि मामांना ती हळू न्यायची. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या मागच्या काचेतून मामांचा हात पुढे यायचा आणि इस्माईलभाईंच्या खांद्यावर पडायचा. म्हणजे हळू.

"अरे मामा, खुदा के वास्ते! जनाजा पण ह्यापेक्षा जोरात जातो," इस्माईलभाई ओरडायचे.

"म्हनून त्यातला कुनी उठत नाय," मामा मागून म्हणायचे. "भोंगा वाजव लागल तेवढा. गाडी नको पलवू."

कळंबोलीपासून पुढचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक गतिरोधक मामांना पाठ होता. तो यायच्या आधी पेशंटच्या मानेखाली हात घालून ते म्हणायचे, "गचका." आधी पेशंटला, मग मला. मी कितीतरी वेळा त्या गाडीत मागे बसून मान मोडेपर्यंत डुलक्या घेतल्यात, आणि "गचका" ऐकून जागी झालेय. माझ्या तरुणपणातले जागे झाल्याचे क्षण आठवले की निम्मे तरी ह्याच शब्दाने सुरू होतात.

एकदा नेऱ्याकडच्या एका बड्या जमीनमालकांना मुंबईला हलवायचं होतं. खाली पंधरा गाड्या, वर पन्नास माणसं. पुतण्या पुढारी. पेशंट उंबऱ्यावर उभा, मामा घड्याळाकडे बघतायत, आणि पुतण्याचा पारा चढलेला. "अरे चला ना! तिकडे डॉक्टर थांबलेत! तू कोण रे, दार अडवून उभा राहणारा?"

"मी पाय हाय," मामा म्हणाले. "डोकं तुमी, डोकं डॉक्टर. पन चालनार पाय."

पुतण्या पुढे सरसावला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, जाऊ दे मामा, निघा. मामा हलले नाहीत. सातव्या की आठव्या मिनिटाला प्रवासाच्या मशीनने कुंईं केलं आणि ते बंद पडलं. बॅटरी मेली होती. रात्रभर चार्जिंगला लावलेली, पण भिंतीतलं बटणच कुणी सुरू केलं नव्हतं. आम्ही पेशंटला लगेच भिंतीवर घेतलं, दुसरं मशीन मागवलं, पुन्हा दहा मिनिटं. हे वाशीच्या पुलावर झालं असतं तर काय, ह्याचा विचार करत पुतण्या पार भिंतीला टेकून उभा राहिला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते पेशंटला सांगत होते, "भाऊ, जरा उशीर हाय. चहा-पानी होऊन जाऊ दे."

असा माणूस. आता माझ्या वाक्याकडे येते.

तेव्हा मला नोकरीत दहा वर्षं झाली होती, म्हणजे चूक करायला नवखेपणाचं निमित्तही उरलं नव्हतं. सुमन नावाची चाळिशीची बाई, नेऱ्याकडचीच. न्यूमोनिया, फुप्फुसं दोन्ही बाजूंनी भरलेली, व्हेंटिलेटरवर. तिचा स्कॅन हवा होता. दुपारी बाराला खालून फोन आला, आत्ता आणा, नाहीतर मशीन संध्याकाळपर्यंत मोकळं नाही. मामा दुसऱ्या पेशंटला घेऊन एक्स-रेला गेले होते. सोबतचे डॉक्टर कागदावर सही करायला आधीच खाली उतरले. तीन सिस्टर रजेवर, मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. मी ट्रॉली तयार केली. सिलेंडरचा काटा बघितला, पूर्ण भरलेला. मला तेवढं पुरलं.

सिलेंडरची एक खोड असते. वरची चावी बंद असली तरी आधीच्या वेळचा थोडा वायू काट्याखाली अडकून राहतो आणि काटा भरलेलाच दाखवतो. वायू सोडून दिला की काटा झर्रकन खाली येतो. हे मला माहीत होतं. शिकवलेलं होतं, मी दुसऱ्यांना शिकवलंही होतं. मी फक्त काटा बघितला.

मामा धापा टाकत आले. "सिलेंडर?"

"बघितला."

ते उंबऱ्यावर थांबायला लागले तशी मी म्हटलं, "मामा, आज नको. खाली वाट बघतायत, नंतर मिळणार नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी बघितलाव ना?"

"हो म्हटलं ना!"

मी आवाज चढवला होता. भिंतीची नळी काढून सिलेंडरची लावली आणि निघालो. उंबरा ओलांडला. लिफ्टमध्ये दार मिटलं आणि मॉनिटर ओरडायला लागला. ऑक्सिजन खाली, आणखी खाली. मी तोंडाजवळची नळी बघतेय, छाती बघतेय, मशीनची बटणं दाबतेय. काटा माझ्या बाजूला नव्हता. तो मामांनाही ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाकडून दिसत नव्हता. त्यांना दिसला तेव्हा ते पेशंटच्या अंगावरून आडवे झाले, कमरेची चावी काढली आणि सिलेंडर उघडला. पण तेवढ्यात बाईचं हृदय थांबलं होतं. लिफ्टच्या त्या चार फूट जागेत मी तिची छाती दाबत होते आणि मामा हाताने श्वास द्यायची पिशवी दाबत होते, एक-दोन-तीन मोजत, मराठीत.

हृदय परत सुरू झालं. बाई काही परत आली नाही. नवव्या दिवशी बेडवर गेली. तिच्या नवऱ्याने जाताना आम्हा सगळ्यांना हात जोडले. "तुमी लय केलंत," म्हणाला. त्या हातांकडे मला बघवलं नाही. अजूनही कुणी हात जोडले की मी दुसरीकडे बघते, आणि लोकांना वाटतं सिस्टर शिष्ट आहे.

चौकशी झाली. कागदावर सिलेंडरच्या पुढचा रकाना मी घाईत रिकामा सोडला होता. व्यवस्थापकांनी विचारलं, "सिलेंडर कुणी चेक केला?"

मी बोलायला तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगते. पण आवाज निघाला तो मामांचा. "उंबरा मी सोडला, साहेब."

"कसला उंबरा?"

"माजं काम होतं. मी सोडलं."

साहेबांना उंबरा कळला नाही, पण माणूस कबूल झालाय एवढं कळलं, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. मी तोंड मिटलं. घरी कर्ज, सासूचं आजारपण, नवऱ्याची नोकरी नुकती सुटलेली, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. पुष्कळांना वाटेल की मामांनी मला वाचवण्यासाठी खोटं सांगितलं. तसं असतं तर बरं झालं असतं, मी पाया पडून मोकळी झाले असते. त्यांना ते खरंच वाटत होतं. सिलेंडर कुणी बघितला हा त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. सिस्टर ओरडली म्हणून त्यांनी पाय उचलला, हा त्यांचा गुन्हा होता.

त्यांना आयसीयूतून काढून तळघरात कपड्यांच्या खोलीत टाकलं. मळक्या चादरी मोजून गाडीत भरायच्या. दोन वर्षं ते तिथे होते. मी जाता-येता भेटायची, ते म्हणायचे, "काय सिस्टर, जेवलाव का?" मी म्हणायची, "जेवले मामा." रोज ठरवून खाली जायची की आज सांगायचं, 'मामा, सिलेंडर मी बघितला नव्हता, चूक माझी.' आणि रोज जेवणाचं बोलून वर यायची. मग कोविड आला, माणसं आणि चादरी दोन्ही मोजण्यापलीकडे गेल्या, आणि त्या गडबडीत मामा कधी निवृत्त झाले ते मला नंतर कळलं. ना सत्कार, ना शाल.

पुढे मी इन्चार्ज झाले. पहिलं काम मी ती लाल पट्टी मारून घेण्याचं केलं. दहा मिनिटं, बोट फिरवणं, पेशंटशी बोलणं, सगळं कागदावर छापून भिंतीला लावलं. बाहेरून तपासणीला आलेल्या लोकांनी त्याची फार तारीफ केली. साहेब म्हणाले, "आमच्या सिस्टरची कल्पना." मला फुलांचा गुच्छ मिळाला. तेव्हाही मी 'घरत मामा' हे नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर पुढची सगळी गोष्ट सांगावी लागली असती. गुच्छ मी मावशींना देऊन टाकला.

गेल्या वर्षी, सकाळची ड्यूटी, अकराचा सुमार. विचुंब्याहून एक पेशंट आला, छातीत कळ. कॅज्युअल्टीतून वर आणला तो मामा होते. केस पार पांढरे, पोटऱ्या सुकलेल्या. हृदयविकाराचा मोठा झटका, झडपेलाही इजा झालेली. ऑपरेशन लागणार होतं आणि ते आमच्याकडे होत नाही. मुंबईला हलवायचं ठरलं.

इन्चार्ज सिस्टर पेशंटबरोबर जात नसते. मी म्हटलं, मी जाणार. कुणी वाद घातला नाही, माझ्याशी वाद घालायचा आमच्याकडे सगळ्यांना कंटाळा आहे.

त्यांना ट्रॉलीवर घेतलं आणि पट्टीवर उभं केलं. तोंडावर मास्क, डोळे उघडे. त्यांनी मान किंचित कलती करून जमिनीवरची लाल पट्टी बघितली. मग घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. सिलेंडर मी स्वतः उघडला होता, काटा दोनदा बघितला होता. मी वाकले. "मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी, सुमनबाईंच्या वेळी..."

त्यांनी मास्कखालून मान हलवली. हाताने मास्क थोडा उचलला. "सिस्टर. उंबऱ्यावर दुसऱ्या गोष्टी नाय. बोट फिरवा."

सहा वर्षं सांभाळलेलं वाक्य त्यांनी असं परत केलं. मला राग आला, अगदी खरा राग. मग मी बोट फिरवलं. मास्कपासून सिलेंडरपर्यंत, सुईपासून बाटलीपर्यंत. त्यांचे डोळे माझ्या बोटाबरोबर फिरत होते. दहा मिनिटं भरली तसे ते डोळ्यांनीच म्हणाले, चला.

इस्माईलभाईंनी गाडी अशी चालवली की मागून रिक्षावाले शिव्या घालत होते. पूर्ण रस्ताभर ते आरशात मागे बघत होते. कळंबोलीनंतर मी मामांच्या मानेखाली हात घातला आणि प्रत्येक वेळी म्हटलं, "गचका." एके ठिकाणी मी विसरले तर मास्कखालून त्यांचाच आवाज आला, "गचका." ते मलाच सांगत होते.

त्या मोठ्या हॉस्पिटलात वर पोचलो तर आतला बेड अजून तयार व्हायचा होता. तिथल्या वॉर्डबॉयने ट्रॉलीला हात घातला, आत घेऊन थांबूया म्हणाला. घरत मामांनी हाताचा पंजा वर केला. तो अनोळखी माणूस का कोण जाणे थांबला. दुसरा उंबरा.

मी पुन्हा बोट फिरवायला लागले. आणि उंबऱ्यावर पेशंटशी बोलायचं असतं, ते नियमात बसतं. मी त्यांच्याच आवाजात बोलायला लागले, वाकून, कानाशी. "मामा, आपण आत चाललोय. इथले डॉक्टर चांगले आहेत. बेडवर घेताना गचका बसेल, घाबरू नका. मी आहे, इस्माईलभाई खाली आहेत. मामा, त्या दिवशी सिलेंडर मी नीट बघितला नव्हता. उंबरा तुम्ही सोडला नाही, मी सोडायला लावला. साहेबांपुढे मी गप्प बसले. आता सलाईन उजव्या हाताला आहे, हात वाकवू नका."

बोट सिलेंडरपाशी पोचलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मामा माझ्याकडे बघतायत असं वाटलं. त्यांच्या नजरेत मला माफी शोधायची होती, खरंच सांगते, पण ती नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरच्या घड्याळावर होती.

"दहा झाली?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. "नाही मामा. सात."

"मग थांबा."

आम्ही तीन मिनिटं थांबलो. त्यांनी मोकळा हात माझ्या मनगटावर ठेवला होता, नाडी बघावी तसा. मग दार उघडलं, त्या माणसाने ट्रॉली सावकाश आत घेतली, आणि दार मिटताना मला मामांचे पाय तेवढे दिसले, चादरीबाहेर आलेले, एका पायात आमच्याकडची स्लीपर राहून गेलेली.

सहाव्या दिवशी, ऑपरेशननंतर, ते तिथल्या बेडवर गेले. इस्माईलभाईंना मी सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथे ऑपरेशनला नेता-आणताना, वाटेत तर नाही ना गेले?"

"नाही," मी म्हटलं. "वाटेत नाही."